दोन्ही पायांच्या अंगठ्यांची शस्त्रक्रिया : काशीतील घर, जिने आणि पूर्वतयारी

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलू लागतो, त्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसू लागतो आणि चप्पल किंवा बूट घासून तेथे लाली, सूज व वेदना येते. या विकाराला वैद्यक परिभाषेत हॅलक्स व्हॅल्गस असे नाव आहे. उंचवट्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा शब्द मराठीत लिहिला तर तो ‘बनियन’ असा होतो आणि हे नाव आपल्याकडे अंगात घालण्याच्या वस्त्राला आधीच मिळालेले असल्याने ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. सर्वसामान्य माणूस ‘अंगठ्याचे हाड वाढले’ असे म्हणतो. परंतु बहुतेक रुग्णांत हाड वाढलेले नसते. अंगठ्यामागचे लांब हाड, म्हणजे पहिले मेटाटार्सल, आतल्या बाजूला सरकते, अंगठा विरुद्ध दिशेला वळतो आणि सरकलेल्या हाडाचे टोक त्वचेखाली पुढे येते. त्यावरील पिशवीसारखा मऊ भाग सुजला की उंचवटा आणखी मोठा भासतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. हाड वाढले असते तर ते तासून काम भागले असते. हाड जागेवरून सरकलेले असल्यामुळे ते कापून, योग्य जागी बसवून, जुळून येईपर्यंत सांभाळावे लागते. शस्त्रक्रियेला एका पायासाठी साधारण तासभर लागतो; सांभाळण्याचा काळ मात्र आठवड्यांत व महिन्यांत मोजावा लागतो. विकार बहुधा दोन्ही पायांना असतो, त्यामुळे दोन्ही पायांची शस्त्रक्रिया एकाच वेळी करून घ्यावी की काही महिन्यांच्या अंतराने, हा प्रश्न रुग्णापुढे हटकून येतो. त्याचे उत्तर क्ष-किरण चित्रापेक्षाही रुग्णाच्या घरात अधिक दडलेले असते, हे वाराणसीसारख्या शहरात फार स्पष्टपणे दिसून येते.

काशी आणि शल्यविद्या

शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची काळजी हा विषय काशीला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या परंपरेनुसार काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्राचा उपदेश केला. ग्रंथाच्या काळाबाबत विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यातील सूत्रस्थानाची मांडणी आजच्या वाचकालाही ओळखीची वाटावी अशी आहे. पाचव्या अध्यायात शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत आणि लागणारे साहित्य आधीच जमवून ठेवण्यास सांगितले आहे. एकोणिसावा अध्याय तर संपूर्णपणे जखम झालेल्या रुग्णाच्या शुश्रूषेला वाहिलेला आहे. त्याची सुरुवात औषधाने होत नाही, घराने होते. रुग्णासाठी आधी योग्य, स्वच्छ घर शोधावे, अंथरूण ऐसपैस व सुखकर असावे, गोड बोलणारे स्नेही जवळ असावेत, नखे व केस कापलेले असावेत, मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोन वेळा दहा दिवस द्यावी, असा तो क्रम आहे.

एका बाबतीत मात्र आजचे शास्त्र वेगळे सांगते. सुश्रुताने पोट, मूळव्याध, मुतखडा अशी काही शस्त्रकर्मे उपाशीपोटी करावीत असे म्हटले असले, तरी सामान्यतः रुग्णाला हलके अन्न देऊन मग शस्त्रकर्म करावे असा त्याचा संकेत होता. भूल देण्याची आधुनिक पद्धत नसताना रुग्णाला ग्लानी येऊ नये, हा त्यामागील हेतू. आता भूल द्यावयाची असल्यामुळे घन आहार किमान सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवण्याचा नियम आहे. दूध हे पाण्यात मोडत नाही, हे घरच्यांना मुद्दाम सांगावे लागते.

काशी हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना १९१६ मध्ये झाली. त्याच्या आयुर्विज्ञान संस्थेत आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्ही विद्याशाखा एकाच छत्राखाली आहेत आणि संस्थेशी संलग्न सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेशाबरोबर पश्चिम बिहारमधूनही रुग्ण येतात. दूरच्या गावाहून येणाऱ्याला शस्त्रक्रियेनंतर टाके काढण्यासाठी, सहा आठवड्यांच्या क्ष-किरण चित्रासाठी आणि त्यानंतरच्या तपासणीसाठी पुन्हा यावे लागते. हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडलेला बरा.

शस्त्रक्रिया कोणाला

हॅलक्स व्हॅल्गस हा दुर्मीळ विकार नाही. जगभरातील अभ्यासांचा एक आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ६५ वर्षे वयोगटात हे प्रमाण २३ टक्के, तर त्यावरील वयात सुमारे ३६ टक्के आढळले. स्त्रियांत ते अधिक होते. घराण्यात विकार असणे, सांधे सैल असणे, संधिवात आणि पुढे निमुळती पादत्राणे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. पादत्राणांबाबत हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आजही उद्धृत केला जातो. बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत अंगठा कललेला आढळला, तर अनवाणी राहणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली होते. अर्थात जन्मभर अनवाणी चाललेल्या आजीचाही अंगठा कललेला असू शकतो. आनुवंशिकता चपलेची वाट पाहत नाही.

उंचवटा आहे पण दुखत नाही, अशा पायाला शस्त्रक्रियेची गरज नसते. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून हाड कापून घेणे हा शहाणपणाचा निर्णय नव्हे. आधी रुंद व मऊ पादत्राणे, बोटांमध्ये ठेवायची सिलिकॉनची गादी, तळव्याला आधार आणि गरजेपुरती वेदनाशामके हे उपाय करून पाहावेत. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी काहींना आराम वाटतो, परंतु प्रौढ माणसाचे सरकलेले हाड त्यांनी जागेवर येत नाही. एवढे करूनही रोजचे चालणे दुखरे राहिले, अंगठा दुसऱ्या बोटाखाली जाऊ लागला किंवा उंचवट्यावर वारंवार जखम होऊ लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया, तळव्याचा आधार आणि केवळ वाट पाहणे यांची तुलना करण्यात आली होती. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती सर्वांत चांगली होती.

क्ष-किरण चित्र उभे राहून, पायावर वजन देऊन काढलेले असावे. झोपून काढलेल्या चित्रात कोन कमी दिसतो. अंगठ्याचा कोन १५ अंशांपर्यंत असला तर तो सामान्य मानतात. २० ते ४० अंश ही मध्यम आणि त्यापुढे तीव्र विकृती होय. शस्त्रक्रियेचे शंभराहून अधिक प्रकार वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. सौम्य व मध्यम विकृतीत मेटाटार्सल हाडाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा छेद देणारी शेव्हरॉन किंवा लांब नागमोडी छेद देणारी स्कार्फ पद्धत बहुधा वापरतात. हाड सरकवून ते बारीक स्क्रूने पक्के करतात. हे स्क्रू त्रास देत नसतील तर कायम ठेवले जातात. काही ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतूनही हे काम केले जाते. विकृती तीव्र असेल किंवा हाडाच्या मागच्या टोकाचा सांधा सैल असेल, तर तो सांधाच जोडून टाकणारी लॅपिडस पद्धत निवडली जाते. अंगठ्याचा सांधा झिजलेला असेल तर तो सांधा कायमचा जोडावा लागतो. छोट्या छेदाची जखम लवकर भरते हे खरे. पण आतले हाड जुळायला लागणारा वेळ छेदाच्या लांबीवर ठरत नाही, ही गोष्ट जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही.

दोन्ही पाय एकदम की एकेक

दोन्ही पाय एकदम करण्याचे लाभ उघड आहेत. भूल एकदा, रुग्णालयातील मुक्काम एकदा, रजा एकदा. नोकरी करणाऱ्यांना किंवा मुलांच्या परीक्षा सांभाळून वेळ काढणाऱ्यांना हेच सोयीचे वाटते. तोटाही तितकाच उघड आहे. एका पायाची शस्त्रक्रिया झालेला माणूस दुसऱ्या पायाच्या भरवशावर उठतो, वळतो, पायरी चढतो. दोन्ही पायांची झालेल्याला असा भरवशाचा पाय उरत नाही. त्याला दोन्ही टाचांवर भार देऊन, कडक तळाच्या खास बुटात, वॉकरच्या आधाराने पावले टाकावी लागतात.

शेव्हरॉन किंवा स्कार्फ पद्धतीनंतर असे टाचेवरचे चालणे लवकर, पुष्कळदा दुसऱ्या दिवसापासूनच, थोडे थोडे करता येते. म्हणून या पद्धतींत दोन्ही पाय एकत्र करण्यास अनेक शल्यचिकित्सक तयार होतात. लॅपिडस पद्धतीनंतर पायावर अनेक आठवडे भार न देण्याचा सल्ला दिला जाण्याचा संभव असतो. अशा वेळी दोन्ही पाय एकदम करणे म्हणजे रुग्णाला खुर्चीला खिळवणे होय. मधुमेह, तळपायाची कमी झालेली संवेदना, रक्ताभिसरणाचा दोष, तोल जाण्याची प्रवृत्ती किंवा खांद्या-मनगटांतील अशक्तपणा असेल तर एकेक पाय घेणेच श्रेयस्कर. दोन शस्त्रक्रियांत साधारण तीन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात. अधिक दुखणारा पाय आधी घेतात. काही वेळा त्यानंतर दुसऱ्या पायाची गरजच वाटत नाही.

या वैद्यकीय विचारानंतर घराचा प्रश्न येतो. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंदे घाट, अहिल्याबाईंचा घाट ही नावे ज्या काशीत आहेत, त्याच काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. घरे उंच व अरुंद, जिने उभे आणि अंधारे, गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की तेथे चारचाकी वाहन जाऊ शकत नाही. मोटार किंवा ‘टोटो’, म्हणजे ई-रिक्षा, मुख्य रस्त्यापर्यंतच येते. पुढचे अंतर दगडी फरसबंदीवरून पायी. तेथे ओल, शेण आणि अधूनमधून ठाण मांडून बसलेला बैल हे सारे आलेच. टाचांवर चालणाऱ्याला हा रस्ता धोक्याचा असतो. अशा घरी परतणाऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेण्याची व्यवस्था आधी ठरवावी लागते आणि टाके काढण्यासाठी पुन्हा तेच करावे लागते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या व स्वच्छतागृह तळमजल्यावर असलेल्या रुग्णाने दोन्ही पाय एकदम करून घेण्याआधी दोन वेळा विचार करावा. शहराच्या नव्या भागात, लंकेकडे किंवा सिगरा भागात, तळमजल्यावर राहणाऱ्या नातलगाकडे पहिले दोन ते तीन आठवडे काढणे हा पर्याय अनेकदा सर्वांत सोपा ठरतो.

पूर्वतयारी

तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हावी. पहिली गोष्ट तंबाखूची. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो व जखम चिघळण्याचा धोका वाढतो. किमान चार आठवडे आधी ते पूर्ण थांबवावे आणि हाड जुळेपर्यंत पुन्हा सुरू करू नये. बनारसी पानाच्या शहरात येथे एक पुस्ती जोडावी लागते. सुरती, जर्दा, खैनी हे चघळण्याचे प्रकारही शरीरात निकोटिनच पोहोचवतात. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणारा रुग्ण दिवसाला दहा पाने खात असू शकतो. ती माहिती डॉक्टरांना द्यायलाच हवी.

मधुमेही रुग्णाची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, साधारणतः ८ टक्क्यांच्या खाली आणल्यावरच ठरवून करावयाची शस्त्रक्रिया हाती घेतात. पायाच्या नाड्या तपासल्या जातात. रक्तपुरवठा कमी असेल तर आधी त्याचा विचार होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवाताची औषधे, गर्भनिरोधक गोळ्या, वैद्यांकडील काढे व भस्मे यांची यादी लेखी द्यावी. कोणती गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. रुग्णाने स्वतःहून काही बंद करू नये. टाचांच्या भेगा, बोटांमधील चिखल्या, नखांचे दुखणे हे सारे आधी बरे करून घ्यावे, कारण जंतूंना आत शिरण्यास तेवढी फट पुरते. नखांचा रंग काढून टाकावा.

घरात खाट किंवा पलंग असावा, जमिनीवरचे अंथरूण नको. दोन्ही पायांनी जमिनीवरून उठणे पहिल्या आठवड्यांत जवळजवळ अशक्य असते. उकिडवे बसण्याचे शौचकूप असेल तर त्यावर ठेवण्याची कमोड खुर्ची आणावी. रात्रीसाठी ती पलंगाजवळच ठेवता येते. न्हाणीघरात पक्की प्लास्टिकची खुर्ची, दारातले पायपुसणे व सतरंज्या उचललेल्या, औषधे, पाणी, दूरध्वनी हाताशी. वॉकर शस्त्रक्रियेनंतर नव्हे, आधी आणावा आणि दोन-चार दिवस टाचांवर चालण्याचा सराव करावा. दाराची रुंदी मोजून पाहावी. वॉकर न्हाणीघराच्या दारातून जात नाही, हे घरी आल्यावर कळण्यात अर्थ नाही. पहिले दोन आठवडे घरात एक जाणते माणूस पूर्ण वेळ लागते; स्वयंपाक, शुश्रूषा आणि ये-जा या तिन्हींचा भार एकट्या वृद्ध जोडीदारावर टाकू नये.

ऋतूचाही विचार व्हावा. मे-जूनमधील काशीचा उन्हाळा बँडेजखाली घाम आणतो. जुलै ते सप्टेंबर गंगेला पूर येतो, घाट पाण्याखाली जातात आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरते. दिवाळीनंतरचा हिवाळा त्या मानाने बरा; मात्र देवदिवाळी व महाशिवरात्रीच्या गर्दीत रुग्णालयात जाण्यायेण्याचा दिवस येणार नाही, एवढे पंचांग पाहून घ्यावे.

पहिले दोन आठवडे

शस्त्रक्रिया बहुधा कण्यातून दिलेल्या भुलेखाली होते आणि जोडीला घोट्याजवळ नसा बधिर करतात. त्यामुळे पहिले काही तास वेदना नसते आणि रुग्ण निर्धास्त होतो. बधिरता उतरण्याआधीच गोळी घेतली पाहिजे. वेदना चढल्यावर ती आवरणे कठीण जाते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत त्रासाचे असतात. पाय हृदयापेक्षा उंच, उशांवर ठेवणे हाच सुजेवरचा मुख्य उपाय होय. जागेपणी तासातील पन्नास मिनिटे पाय वर असावेत, उरलेल्या दहा मिनिटांत उठणे-फिरणे उरकावे, असा एक सोपा हिशेब अनेक डॉक्टर देतात. घोटे खाली-वर हलवत राहावे, म्हणजे पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

ड्रेसिंग कोरडे राहिले पाहिजे. आंघोळीच्या वेळी दोन्ही पाय प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून स्टुलावर ठेवतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात, तोपर्यंत हळद, तेल किंवा लेप जखमेवर लावू नये. ताप, वाढती वेदना, पू, दुर्गंधी, बोटे निळी किंवा गार पडणे ही लक्षणे दिसली तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटरी सुजून दुखू लागली तरीही विलंब नको. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर ती आणीबाणी समजावी.

सहा आठवडे आणि पुढे

टाके निघाल्यावर अंगठ्याचे व्यायाम सुरू होतात. हाताने अंगठा धरून तो हळूहळू वर-खाली वाकवणे, दिवसातून तीन-चार वेळा. हे दुखते, म्हणून टाळले जाते, आणि टाळल्यामुळे सांधा आखडतो. अंगठा सरळ झाला पण वाकत नाही, ही शस्त्रक्रियेनंतरची नेहमीची तक्रार असते. व्यायाम कधी व किती, हे पद्धतीनुसार डॉक्टरांनी सांगितलेले असावे; सांधा जोडलेला असेल तर तो वाकवायचा नसतो.

खास बूट साधारण सहा आठवडे वापरावा लागतो. त्यानंतरच्या क्ष-किरण चित्रात हाड जुळताना दिसले की रुंद, मऊ बुटात चालण्याची परवानगी मिळते. बैठे काम दोन ते चार आठवड्यांनी, उभ्याचे काम दोन-तीन महिन्यांनी जमते. दोन्ही पाय झालेल्याने सहा ते आठ आठवड्यांपूर्वी वाहन चालवू नये. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने आणि ब्रेक उजव्या पायाने लागतो, म्हणजे तेथे दोन्ही अंगठ्यांची परीक्षा असते. सूज तीन ते सहा महिने, कधी वर्षभर राहते. संध्याकाळी पाय जड होणे हे बिघडल्याचे लक्षण नव्हे.

काशीतील रुग्णाचा पुढचा प्रश्न दर्शनाचा असतो. देवळात पादत्राणे चालत नाहीत आणि खास बूट काढून चालण्याची मुभा नसते, म्हणून हाड जुळेपर्यंत दर्शन लांबणीवर टाकणे हाच मार्ग उरतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या काशी विश्वनाथ धामामुळे गंगेपासून मंदिरापर्यंतची वाट रुंद झाली असली, तरी घाटाकडून यायचे तर पायऱ्या चुकत नाहीत. गंगास्नान जखम पूर्ण भरून खपली पडल्याशिवाय करू नये, आणि नंतरही ओल्या पायऱ्यांवर कोणाचा तरी हात धरावा. बोटे जमिनीला टेकवून वज्रासनातून उठणे, साष्टांग नमस्कार, मांडी घालून बसल्यावर पायाच्या पुढच्या भागावर जोर देऊन उभे राहणे, या हालचाली अंगठ्यावर सर्वाधिक ताण आणतात. सुमारे तीन महिने पूजेला खुर्चीवर बसावे. सुमारे ऐंशी किलोमीटरची पंचक्रोशी कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा अशा पाच मुक्कामांनी होते आणि अनेक भाविक ती अनवाणी करतात. शस्त्रक्रियेच्या वर्षात तिचा संकल्प सोडू नये.

सर्वच पाय मनासारखे होत नाहीत. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा राहणे, भार शेजारच्या बोटांखाली सरकून तेथे दुखणे, हाड उशिरा जुळणे, अंगठा उलट बाजूला वळणे, या गुंतागुंती ज्ञात आहेत. काही वर्षांनी विकृती परत येऊ शकते. किशोरवयात शस्त्रक्रिया झालेल्यांत ही शक्यता अधिक असते. पूर्वीचेच निमुळते बूट पुन्हा घातले तर पायावर पुन्हा तोच दाब येतो. अंगठा अडकवायची चप्पल, कोल्हापुरीसुद्धा, व्रणावर घासते. पहिले वर्ष मागे पट्टा असलेली, पुढून रुंद सँडल बरी. खरेदी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, उभे राहून करावी आणि दोन पायांची मापे वेगळी निघाली तर मोठ्या पायाचे माप घ्यावे.